पाव इम्पिरियल

ड्रॉइंगचा पुरा कागद 22 बाय 30 इंचांचा. दुकानदार त्याला इम्पिरियल म्हणतात. नाशिककडच्या हरसूलच्या बाजारपेठेत वह्या-पुस्तकांच्या दुकानात असे कागद गुंडाळी करून कोपऱ्यात उभे असायचे. आमच्यासारखं गिऱ्हाईक आलं की दुकानदार एक कागद काढायचा, दोन घड्या घालायचा, घडीवर नख फिरवायचा आणि लोखंडी पट्टीच्या कडेनं फाडून चार तुकडे करायचा. त्यातला एक आपला. पाव इम्पिरियल. माझं शिक्षण मी इयत्तांपेक्षा या मापातच मोजत आलो. शाळेत पाव, नाशिकला कलेच्या फाउंडेशन कोर्सला अर्धा, मुंबईला गेल्यावर पुरा.

घरात चित्रं होती, पण कागद नव्हता. आम्ही वारली. लग्नघरात आजी तांदळाच्या पिठानं चौक लिहायची. भिंत गेरूनं सारवलेली, हातात बाहारीची काडी, पुढच्या पावसाळ्यात ते सगळं पुसलं गेलं तरी कुणाला हळहळ नाही. बोहाड्याच्या उत्सवात सोंगं निघायची, त्यांचे मुखवटे रंगवणारे हात गावातलेच. या कशालाही पहिला-दुसरा नंबर नव्हता. नंबर मला आश्रमशाळेत भेटला.

भात-नागली निघाली की आई-बाबा द्राक्षाच्या कामाला गिरणाऱ्याकडे जायचे. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, बागायतदाराची पिकअप आली की चढायचं. त्या मजुरीतून माझी पहिली पोस्टर कलरची पेटी आली. सहा बाटल्या. पांढरा आधी संपतो हे तेव्हा माहीत नव्हतं. रंग फिका करायचा तर पांढरा, चुकलं ते झाकायचं तर पांढरा. पुढं कितीतरी वर्षं माझ्या पेटीत पाच बाटल्या अर्ध्या भरलेल्या आणि एक रिकामी असाच प्रकार होता.

आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी आम्हाला एलिमेंटरीला बसवलं. शासकीय रेखाकला परीक्षा म्हटलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो, पण तिचं एक वैशिष्ट्य मला फार उशिरा लक्षात आलं. त्या परीक्षेत कागद मिळतो. साधारण 28 बाय 38 सेंटिमीटर, म्हणजे आपला पावच. शिरपूरच्या मुलाला तोच, दादरच्या मुलीला तोच, आम्हालाही तोच. रंग ज्याचे त्याचे, पण सुरुवात एकाच कागदावर. वस्तुचित्राला बादली, मग आणि दोन वांगी मांडलेली. संकल्पचित्रात वर्तुळात फुलं-पानं बसवायची. भूमिती आणि अक्षरलेखनात तर माझी फे फे उडायची, कारण कंपासपेटीतला कर्कटक ढिला. स्मरणचित्राला मात्र मी बोहाडा काढला आणि मशालींच्या उजेडातली सोंगं रंगवताना वेळेचं भान राहिलं नाही.

या परीक्षेत श्रेणी असते. ‘अ’च्या लायकीची दहा मुलं असतील तर दहा जणांना ‘अ’ मिळतो. माझ्यामुळं शेजारच्याचा जात नाही. स्पर्धेचं तसं नाही. तिथं एकाचाच पहिला. आणि स्पर्धेला कागद आपला न्यावा लागतो.

शाळेत असताना स्पर्धा पुष्कळ यायच्या. कुठल्या ना कुठल्या सप्ताहाच्या, जयंतीच्या. विषय ठरलेले: झाडे लावा, पाणी वाचवा, माझ्या स्वप्नातला भारत. पाणी वाचवण्याचं चित्र आमच्याकडून काढून घेणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये आमच्या पाड्यावरची विहीर पाहिली असती तर विषय बदलला असता. असो. बक्षीस म्हणून प्रमाणपत्र, कंपासपेटी, कधी वॉटर बॅग. एकदा बारा ट्यूबांची रंगपेटी मिळाली, तेव्हा ती आठवडाभर मी उघडली नाही. पण त्या पेटीसाठी पाठवलेल्या चित्राला जो कागद लागला, तो मी कच्च्या कामासाठी घेतलेल्या कागदातला शेवटचा होता. ज्याच्याकडे सरावाला कागद आहे त्याचा हात बसतो, ज्याचा हात बसला त्याला बक्षीस मिळतं, आणि बक्षिसात कागद मिळतो. रिकाम्या हातानं या साखळीत शिरायचं कुठून, ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

मुंबईला सर जे.जे. कलाशाळेत गेलो तेव्हा ग्रंथालयात जुन्या लोकांच्या हकिगती वाचायचा नाद लागला. 1857 साली सुरू झालेली ही शाळा जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिली. म्हणजे कलेच्या शिक्षणाला पैसा लागतो हे तिच्या नावातच आहे. 1888 साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनातली पदकं हा शिकणाऱ्या पोरांचा मोठा आधार झाला. कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर 1890 मध्ये जे.जे.त आले आणि 1895 मध्ये सोसायटीचं सुवर्णपदक त्यांच्या नावावर लागलं. वाचताना पदकांची यादी चमकते, पण पदक आणि पदक यांच्या मधल्या महिन्यात माणूस जेवला कुठं, हे शोधावं लागतं.

मला सापडले ते रझा. सय्यद हैदर रझा, मध्य प्रांतातल्या जंगलखात्यातल्या नोकरदाराचा मुलगा. जंगलातून आलेला म्हणून मला तो आधीच आपला वाटला. नागपूरच्या कलाशाळेत शिकून, सरकारी शिष्यवृत्ती घेऊन 1943 मध्ये तो मुंबईला आला, तर जे.जे.चे प्रवेश संपलेले. प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही गेली. परत न जाता त्यानं एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली आणि रंगवत राहिला. पुढं जे.जे. झालं, 1946 मध्ये सोसायटीचं रौप्यपदक, 1948 मध्ये सुवर्णपदक आणि 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस. या गोष्टीतलं पॅरिस सगळे सांगतात. मला त्यातला ब्लॉक स्टुडिओ महत्त्वाचा वाटतो. पदकं मागाहून आली, आधी महिन्याचा पगार होता.

माझं गणित त्याच मापाचं. सरकारी कॉलेजात फी हा प्रश्न नव्हताच. बाहेरच्या लोकांना वाटतं आर्ट स्कूल म्हणजे फी. खरं ओझं रोजचं: कागद, रंग, ब्रश, फ्रेमिंग, खानावळ, लोकलचा पास. सहा नंबरचा चांगला ब्रश घेतला की दोन वेळची खानावळ बंद. शिष्यवृत्ती मंजूर असायची, पण खात्यात पडेपर्यंत वर्ष सरत यायचं, आणि कागद जूनमध्ये लागतो. मी रात्री लग्नाच्या पत्रिकांची अक्षरं जुळवून द्यायचो, गणपतीत मखरं रंगवायचो. एका वार्षिक प्रदर्शनात पाकिटातून रोख बक्षीस मिळालं. वसतिगृहातल्या मित्रांनी पार्टी मागितली, ती दिली. उरलेल्यातून पुऱ्या इम्पिरियलचा गठ्ठा घेतला आणि ते कागद संपेपर्यंत मी कधी नव्हे इतका बिनधास्त चुकलो. कागद फुकट जाईल ही धास्ती गेली की रेघ बदलते. त्या गठ्ठ्यावर मी जे शिकलो, ते बक्षीस मिळालेल्या चित्रात नव्हतं.

आजीच्या भिंतीची आठवण मला तिथंच येऊ लागली. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागातल्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले, आणि लग्नाच्या चौकापुरतं असलेलं चित्र भिंतीवरून कागदावर आलं. जिव्या सोमा मशे यांचं नाव त्यातून जगाला कळलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे थोरच. पण चौक लिहिणाऱ्या बायांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, हेही त्याच कागदाचं देणं आहे. कागद आला की खाली सही येते, सही आली की नंबर.

आता मी परत गावाकडंच एका शाळेत चित्रकला शिकवतो. कलाशिक्षकांची कायमची पदं कमी होत गेली आहेत, त्यामुळं नोकरीच्या सुरक्षिततेवर मी बोलत नाही. एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमीजिएट परीक्षेतल्या श्रेणीला दहावीत सात, पाच, तीन असे वाढीव गुण मिळतात. शहरात त्यापायी क्लास निघाले आणि कलेची परीक्षा गुणांची परीक्षा झाली, असं माझे मित्र नाक मुरडून म्हणतात. मला त्या सात गुणांचा राग येत नाही. त्यांच्यामुळं वेळापत्रकात माझा तास शिल्लक राहतो आणि पालक कागदाला पैसे देतात. शिवाय बीएफएच्या प्रवेशासाठी जी सीईटी असते तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हेच पुन्हा येतं. इंटरमीजिएटला बसलेली पोरगी तिथं निदान घाबरत तरी नाही.

मोठ्या स्पर्धांविषयी माझ्या मनात आदरच आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीची बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्ती, राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग यांनी अनेकांना उभं केलं. पण तिथवर पोचलेला मुलगा अर्धा तरलेलाच असतो. बुडतात ते आधीच, आठवी-नववीत, पाव कागदापाशी.

गेल्या पावसाळ्यात नाशिकची एक मंडळी आमच्याकडं चित्रकला स्पर्धा घ्यायला आली. परीक्षक म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, बक्षिसाची रक्कम आधी द्या, सगळ्या मुलांना महिनाभर पुरतील इतके कागद आणि पांढऱ्या रंगाच्या जास्तीच्या बाटल्या घेऊ, नंबर नंतर काढा किंवा काढूच नका. त्यांच्यातले एक काका भले होते, ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सर, कल्पना चांगली आहे. पण पेपरात फोटो द्यायचा तर पोराच्या हातात काय देऊ? कोरा कागद?”

शेवटी शिल्डही आलं. एकच, लहानसं, प्लॅस्टिकचं. कागद मात्र स्पर्धेच्या आधी पोचले, पुरे, न फाडलेले. पहिल्या दिवशी मुलांनी विचारलं, याच्या किती घड्या घालायच्या? घालू नका म्हटलं तर सातवीतल्या दोघांना पटलंच नाही. त्यांनी माझी पाठ वळताच चार तुकडे केले आणि तीन दप्तरात ठेवले.