रोपाचं वय

शहाडला राहून शेती सांभाळतो म्हटलं की लोकांचा प्रश्न ठरलेला : इथे शेती उरलीय कुठे? सेंच्युरी रेयॉन आणि बिर्ला मंदिर यांपलीकडे शहाड फारसं कुणाला ठाऊक नसतं. पण मुरबाड रस्त्याने म्हारळ, वरप, कांबा मागे टाकून रायत्याच्या पुलाकडे निघालं की इमारतींच्या आडून उल्हासकाठची भातखाचरं दिसू लागतात. त्यातल्या काहींचा कारभार माझ्याकडे आहे. मालक मुंबईत, मजूर मुरबाडकडच्या कातकरी-ठाकूर पाड्यांवरचे, मधे मी.

या मधल्या माणसाचं मुख्य काम तारीख धरण्याचं. भाताचं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लागलं पाहिजे. जून झालं की फुटवे कमी येतात. मग खत कितीही घाला. म्हणजे राबात बी पडलं की लावणीचा आठवडा ठरलाच. मजुरांची कुटुंबं मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून रोहिणी नक्षत्र लागलं की मी आधी पाड्यावर जातो, बियाण्याचं नंतर बघतो. माणसांशी बोलणं न करता पेरलेलं रोप वाफ्यातच म्हातारं होतं.

लावणी मी चारसूत्री पद्धतीने करून घेतो. डॉ. नारायण सावंतांनी कोकणातल्या लहान शेतकऱ्यासाठी बसवलेली ही पद्धत मला फार मोलाची वाटते. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा असतात, खुणेवर रोपांचा चूड लागतो. मग जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट बोटांनी चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. वर फेकलेलं खत आमच्याकडच्या पावसात बांधावरून वाहून जातं. खोचलेलं मुळाशी राहतं.

पण दोरीने काम मंदावतं. उक्तं दिलं तर लावणी करणाऱ्या बायकांना दोरी परवडत नाही, ती बाजूला पडते, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. म्हणून लावणी मी रोजावरच देतो. मालकांना खर्च जास्त दिसतो. त्यांना मी शेतात नेऊन ओळी दाखवतो. दिवसभर वाकून, भर पावसात, खुणेवर अचूक पडणारा हात हे कसब आहे. त्याला कसबाचाच रोज मिळाला पाहिजे, यावर मी हटून बसतो.

नदी मात्र कुणाच्या हिशेबात बसत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात तिने काय केलं ते या पट्ट्यात सगळ्यांना आठवतं; 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तीही याच उल्हासच्या पुरात. पूर ओसरला की कुजलेल्या चुडांच्या जागी नांग्या भराव्या लागतात, आणि त्यासाठी कोवळं रोप हाताशी हवं. म्हणून वरच्या, पाणी न चढणाऱ्या तुकड्यात मी थोडं बी मागाहून टाकून ठेवतो. मालक विचारतात, हे वायाच जातं ना? बऱ्याच वर्षी जातं. यंदाही टाकणार आहे.