मोबाईलचे कुलूप आणि घरातली टोह

7 जून 2023 च्या संध्याकाळी आमचा मुलगा मगरिबची नमाज पढत होता आणि आम्ही दोघे नवरा-बायको त्याचा मोबाईल उघडून बसलो होतो. पॅटर्न आम्हाला माहीत होता. घरात तो कुणी कुणापासून लपवत नसे.

त्या दिवसाचे कोल्हापूर वाचकांना आठवत असेल. काही तरुणांनी व्हॉट्सॲपला ठेवलेल्या स्टेटसवरून शहर बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेट बंद झाले. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुले असल्याचे कानावर आले आणि आमच्या काळजाचे पाणी झाले. आम्ही दोघेही शिक्षक. असली मुले आम्ही रोज वर्गात बघतो. चौदा-पंधराव्या वर्षी कोणती क्लिप गंमत आहे आणि कोणती गुन्हा, हे त्यांना कोण सांगणार? आमचा स्वतःचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता.

मोबाईलमध्ये आम्हाला वाटत होते तसे काही सापडले नाही. अभ्यासाच्या नोट्स, क्रिकेट, मित्रांची थट्टामस्करी. चुलतभावंडांच्या एका ग्रुपवर कुणीतरी टिपू सुलतानाची क्लिप टाकली होती. ती त्याने डाऊनलोडसुद्धा केलेली नव्हती. पण भीतीला एवढा धीर कुठला! आम्ही सगळे चॅट साफ केले, फोटो आणि ऑडिओसकट. मोबाईल होता तिथे ठेवला. त्याने सलाम फेरला तेव्हा आम्ही चहाचे कप आवरत होतो.

त्या चॅटमध्ये त्याच्या दादीचे आवाज होते. दादी मिरजेला धाकट्या मुलाकडे राहायच्या. त्यांना लिहिता येत नव्हते, पण माईकचे बटण दाबून ठेवायला शिकल्या होत्या. नातवाला रोज काहीबाही पाठवायच्या. दवा घेतली, पाऊस आला, तू जेवलास का. आदल्या हिवाळ्यात त्यांचा इंतकाल झाला होता.

त्या वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या, 29 जूनला. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर नेली. आमच्याकडेही तसेच झाले. त्या दिवशी मुलाची फुप्पी आली आणि मसाला भाजताना म्हणाली, "अरे, अम्मीने तुला मसाल्याचं प्रमाण सांगितलं होतं ना, लाव बघू." मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "नाही राहिलं." फुप्पीला वाटले मोबाईल बिघडला असेल. आम्ही गप्प राहिलो.

रात्री त्याच्या खोलीत जाऊन सांगितले. तो म्हणाला, "माहीत होतं. त्या दिवशी इंटरनेट बंद होतं. चॅट आपोआप थोडेच जातात?" आणि थोड्या वेळाने, "मागितला असता तर मीच दाखवला असता."

पुढे एका जाणकार सहकाऱ्याने समजावले ते ऐकून जास्त वाईट वाटले. इंटरनेट बंद होते तोवर जुना बॅकअप गुगलकडे शाबूत होता. इंटरनेट सुरू झाले आणि मोबाईलने आपल्या ठरलेल्या वेळी रिकाम्या चॅटचा नवा बॅकअप त्याच्या जागी पाठवून दिला. मोबाईलमध्येही आठवडाभराच्या प्रती असतात म्हणे. तोही आठवडा आम्ही चूप राहून घालवला.

तेव्हापासून या विषयावर जमेल तेवढे वाचले. व्हॉट्सॲपचे कुलूप खोटे नाही. 2016 पासून तिथला संदेश पाठवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये बंद होतो आणि घेणाऱ्याच्या मोबाईलमध्येच उघडतो. मधल्या वाटेवर कंपनीलाही तो वाचता येत नाही. कोण कुणाशी कधी बोलले, एवढे मात्र कळू शकते. पण हे कुलूप वाटेवरचे आहे. संदेश पोहोचला की तो समोरच्याच्या हातात. स्टेटस तर आपण होऊन सेव्ह केलेल्या सगळ्या नंबरांना दाखवलेली पाटी. तिचा स्क्रीनशॉट घ्यायला सरकार लागत नाही, शेजारी पुरतो. गुगलवरच्या बॅकअपलाही वेगळे कुलूप घालावे लागते. ती सोय 2021 मध्ये आली आणि ती आपली आपण सुरू करावी लागते. आमच्या ओळखीत क्वचितच कुणी केली असेल.

सरकारची भीती मग निराधार आहे का? तसे म्हणवत नाही. 2019 मध्ये व्हॉट्सॲपनेच सांगितले की पेगासस नावाचे इस्रायली हेरगिरीचे साधन जगातल्या सुमारे 1400 मोबाईलमध्ये घुसवण्याचा प्रयत्न झाला. नुसता कॉल यायचा, उचलायचीही गरज नव्हती. त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते होते. बनवणारी कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिने 29 मोबाईल तपासले. पाचांत काहीतरी घातक सापडले, पण ते पेगाससच आहे हे ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, हेही न्यायालयात सांगितले गेले.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट आणखी बोलकी आहे. काँग्रेसचे नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत आरोप केला की काही वर्षांपूर्वी त्यांचा फोन टॅप झाला, तो 'अमजद खान' या नावाने आणि अमली पदार्थांच्या व्यवहाराचे कारण दाखवून. गुन्हे दाखल झाले, 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. खरेखोटे ज्याचे त्याला ठाऊक. आम्हाला बोचले ते एवढेच, की आरोप ऐकताना त्या नावाचे कुणाला नवल वाटले नाही.

हजरत उमर (रजि.) यांचा एक वाकया मशहूर आहे. खलिफा असताना रात्री मदिनेत गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत गेले तर एक माणूस दारू घेऊन बसलेला. तो म्हणाला, माझा गुन्हा एक आहे, आपले तीन. कुरआनने टोह घ्यायला मना केले, आपण घेतली. घरात दरवाज्याने या म्हटले, आपण भिंतीवरून आलात. इजाजत घेऊन आणि सलाम करून या म्हटले, आपण तेही केले नाही. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला सोडून दिले. हा वाकया आम्ही सरकारला ऐकवण्यासाठी अनेकदा वापरला आहे. आपल्या घरात भिंत चढून आपणच उतरलो आहोत, हे ध्यानात यायला दादीचा आवाज जावा लागला.

घरातले तिघे एका रविवारी मोबाईल घेऊन बसलो. मुलानेच शिकवले. स्टेटस कुणाला दिसावे ते ठरवणे, बॅकअपला कुलूप, सहा आकडी पिन, आपले व्हॉट्सॲप आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडे आहे ते बघणे. ओळखीच्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमचेच उघडे निघाले. शाळेचे कागद छापायला गेलो होतो, बंद करायचे राहिले. किती महिने ते तसेच होते, अल्लाह जाणे. मुलगा हसला, आम्हालाही हसावे लागले.

फुप्पीच्या मोबाईलमध्ये दादीची एक क्लिप सापडली, अकरा सेकंदांची. त्यात मसाल्याचे काही नाही, गॅस आला का एवढेच विचारले आहे. तिने ती मुलाला पाठवली. आम्हाला त्याने ऐकवली, एकदाच. मोबाईलचा पॅटर्न त्याने बदलला आहे आणि नवा कोणता ते आम्ही विचारलेले नाही.