वृंदाचा केदार

ख्यालगायनाची आपली सारी परंपरा एकट्या गवयाच्या स्वच्छंदावर उभी आहे; त्याला त्या घटकेला काय सुचेल हे त्याला स्वतःलाही अगोदर ठाऊक नसते, म्हणून तर मैफल रंगते. ते गाणे बँकेतील कारकून, निवृत्त मुख्याध्यापिका, औषधविक्रेते आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुली अशा तीस-चाळीस हौशी कंठांत वाटून द्यायचे, हा माझा उद्योग आहे. या उद्योगात एक विपरीत गोष्ट पदोपदी अनुभवास येते. जे शास्त्रोक्त आणि म्हणून मोकळे, ते वृंदासाठी मात्रेमात्रेने बांधून टाकावे लागते. आणि जे चित्रपटातले, ध्वनिमुद्रिकेने कायमचे ठरवून ठेवलेले, ते आधी सोडवून घ्यावे लागते.

केदाराचेच पाहा. षड्जावरून थेट शुद्ध मध्यमावर जायचे, आणि वाटेतला गंधार आहे म्हणावा तर दिसत नाही, नाही म्हणावा तर मन मानत नाही, अशा बेताने ठेवायचा, हे या रागाचे मर्म. एकटा गवई तो मध्यमाच्या आड लीलया झाकून नेतो. चाळीस जणांनी तो झाकायला घेतला की प्रत्येकाचा गंधार निरनिराळ्या क्षणी डोकावतो आणि ज्याला लपवायचे तोच सभेत सर्वांत ठळक ऐकू येतो. म्हणून तालमीत माझे फर्मान असे, की गंधाराचा कण पुढच्या रांगेतील तिघींनीच घ्यायचा, बाकीच्यांनी मध्यमावर स्थिर राहायचे. मिंडीचीही तीच व्यवस्था: कोणत्या मात्रेला निघायचे, कितव्या मात्रेला पोहोचायचे आणि मध्येच श्वास संपला तर शेजारच्याने कोठून उचलायचे, याची बोटांवर मोजणी. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशीची स्वरलिपी मिळते, पण हा असला बंदोबस्त मिळत नाही. तो ज्याचा त्यालाच करावा लागतो. एवढी मोजणी झाल्यावर त्यात केदार उरतो काय, असे एका वृद्ध गवयांनी मला विचारले होते. उरतो, पण निराळा उरतो, असे माझे मत आहे. त्यांचे समाधान झाले नाही.

याच केदारात वसंत देसाई यांनी १९७१ सालच्या ‘गुड्डी’ या चित्रपटासाठी एक प्रार्थना बांधली, आणि ती पुढे कित्येक शाळांच्या परिपाठात जाऊन बसली. आमच्या कार्यक्रमात मी ती बंदिशीला लागूनच ठेवतो. पूर्वार्धात शास्त्रीय आणि मध्यंतरानंतर लोकांच्या आवडीचे, अशी फाळणी करण्याचा रिवाज मला कधीच रुचला नाही. त्यात पहिल्याची कर्तव्यात आणि दुसऱ्याची करमणुकीत विनाकारण नेमणूक होते. पण ही प्रार्थना श्रोत्यांच्या कानांत वाणी जयराम यांच्या आवाजासकट बसलेली असते आणि गाणाऱ्यांच्या गळ्यांत शाळेतल्या घाईच्या लयीसकट. ती सुटावी म्हणून आम्ही तबला थांबवतो, मधल्या वाद्यांच्या जागी केदाराचीच सरगम घालतो, आणि मग लोक एकाएकी सावरून बसतात, जणू ओळखीच्या माणसाचे कूळ त्यांना आजच कळले.

स्त्री-पुरुषांच्या पट्ट्यांचा प्रश्न मात्र याहून बिकट. आमचे पुरुष काळी दोनमध्ये सुखाने गातात, स्त्रिया काळी चारमध्ये. कोणतीही एकच पट्टी धरली तर एका बाजूला खर्जात कुजबुज होते, नाही तर दुसऱ्या बाजूला आरोळी. पंडित जसराजांनी मूर्च्छनेच्या जुन्या तत्त्वावर जसरंगी जुगलबंदी उभी केली, तिचा आधार आम्ही आपल्या मगदुराप्रमाणे घेतला. पुरुषांच्या अभोगीचा मध्यम हाच स्त्रियांचा षड्ज मानला की तेच पाच स्वर त्यांच्याकडे कलावती होऊन येतात. अभोगीत पंचम वर्ज्य, म्हणून पुरुषांचा तानपुरा मध्यमाचा. कलावतीत पंचम आहे, म्हणून स्त्रियांचा पंचमाचा. पण स्वर पाहाल तर दोन्ही तानपुऱ्यांत तेच दोन, केवळ त्यांचे पद बदललेले. काळी चारला मिळवलेला एकच तबला दोघांना पुरतो. हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा आमचे बँकेतले सभासद हिशेब तंतोतंत जुळल्यासारखे प्रसन्न झाले, आणि गाताना मात्र तेच प्रथम आपला षड्ज सोडून स्त्रियांच्या षड्जावर जाऊन बसले.

यंदा समितीने असा ठराव केला आहे, की सांगतेची भैरवी म्हणून ‘दो आँखें बारह हाथ’मधील प्रार्थना घ्यावी. तीही देसायांचीच, १९५७ सालची. तिच्या योग्यतेविषयी माझी तक्रार नाही. पण तेथे जसरंगीची युक्ती चालत नाही, कारण चाल एकच आणि सर्वांनी मिळून गायची. मूळ पट्टीत आमच्या पुरुषांना अंतरा झेपत नाही, खाली उतरवली तर स्त्रियांचे मुखड्याचे स्वर पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नाहीत. मी अंतरा स्त्रियांना आणि मुखडा पुरुषांना देण्याची सूचना लेखी कळवली आहे. समितीतील पुरुष सभासदांना ती अद्याप मान्य झालेली नाही.