हरणीचा पट्टा

परवा डोंबिवलीहून मामेबहिणीचा फोन आला. "ताई, आम्ही कुत्रा घेतोय गं. आम्ही दोघं हल्ली रोज पळायला जातो ना, तर आमच्याबरोबर पळेल असा हवा. हस्की बघून ठेवलाय. तू फक्त पट्टा कुठला घ्यायचा ते सांग."

मला आधी हसू आलं, कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी अशीच बोलत होते. मग जरा धस्स झालं. फोनवर काही धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. बाकीच्या नातेवाइकांनीही वाचावं. विशेषतः ज्यांच्या कानावर तेव्हा फक्त "अण्णांच्या हातून कुत्री सुटली" एवढंच गेलं होतं, त्यांनी.

तर झालं असं, की टिटवाळ्याला राहायला आल्यावर मला पळण्याचं वेड लागलं. ठाण्यात राहत असताना सकाळी पळायचं म्हणजे रिक्षा चुकवायच्या. इथे मंदिराच्या पुढे गेलं की काळू नदी, थोडी शेतं, सकाळी धुकं. रविवारी लोकलने तिसरं स्टेशन आसनगाव, तिथून माहुली. या सगळ्यात माझ्या शेजारी एक कुत्रा धावतोय असं चित्र मी कितीतरी दिवस मनात रंगवत होते. (चित्रात मी पण जरा बारीक होते, ते असो.)

मग अभ्यास! लॅब्रेडॉर गोड, पण मुळात न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांना मदत करणारा गडी. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन वेळा पोळी खाऊन त्याचं पिंप होतं. २००३ मधल्या हचच्या जाहिरातीपासून पग घराघरात पोचला, पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. नाकच चपटं असेल तर बिचारा मे महिन्यात काय करणार? बीगल नाकाच्या मागे जातो, तुमच्या मागे नाही. आणि हस्की... बाई गं, सायबेरियात बर्फावर गाडी ओढायला तयार झालेला प्राणी, अंगावर दोन थरांची लोकर! डोंबिवलीत त्याच्यासाठी दिवसभर एसी लावणार आहेस का?

माझं उत्तर मामाने दिलं. जतचा मामा म्हणाला, "परदेशी कशाला? आपला कारवानी घे की." सोलापूर-सांगलीकडे ही कुत्री पिढ्यानपिढ्या सशामागे धावत आली आहेत. पलीकडे कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासली म्हणून तिथे मुधोळ हाउंड, आपल्याकडे कारवान. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. आखूड केस, खोल छाती, अंगावर चरबी नाही, उन्हाला पक्की. मला तर हवं तेच मिळालं. मामाने पिल्लू आणून दिलं, फिकट तपकिरी, लांब पायांचं. नाव ठेवलं हरणी.

आता माझी चूक सांगते. जात निवडली त्यात नव्हती. मी हिशोब चुकले. मी सकाळी सहा पन्नासची लोकल पकडते आणि रात्री आठला घरात पाऊल टाकते. म्हणजे मी "ॲक्टिव्ह" कधी, तर पहाटे तास-दीड तास आणि रविवारी. बाकी सगळा वेळ हरणी सासऱ्यांबरोबर. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे. त्यातून डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष, हिला लांब पळवायचं नाही. मी चित्र बघत बसले आणि दिवसातून चार वेळा जिने उतरून तिला फिरवायचं काम अण्णांकडे गेलं. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. त्यांनीही कधी "नाही" म्हटलं नाही.

पट्टा मात्र मी हौसेने आणला. लाल चामड्याचा, पितळी बकल. दोन बोटं आत जातात का बघितलं, जातात, म्हणजे झालं! कारवानी कुत्र्याचं डोकं मानेइतकंच, किंबहुना मानेहून निमुळतं असतं, हे रोज डोळ्यांसमोर असून माझ्या डोक्यात आलं नाही. पुढे ओढलं तर पट्टा धरून राहतो. पण ती मागे सरकली, मान खाली घातली, की कानांवरून सुळकन बाहेर.

ती तशी सरकली अंगारकीला. टिटवाळ्याची अंगारकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना गर्दी सांगायला नको. रात्रीपासून रांगा, कल्याणकडून चालत येणारी माणसं. अण्णा सकाळी तिला घेऊन नेहमीच्या गल्लीतून निघाले आणि कोपऱ्यावर एका मंडळाच्या ढोल-ताशाने एकदम ठेका धरला. हरणी दोन पावलं मागे झाली आणि गेली, रेल्वे लाइनच्या दिशेने.

मी तेव्हा मुलुंडच्या पुढे होते. फोनवर अण्णा म्हणाले, "सूनबाई, पट्टा माझ्या हातात आहे." एवढंच, दोनदा. मी पुढच्या स्टेशनला उतरून उलटी गाडी धरली. घरी आले तर ते बिल्डिंगच्या गेटवर उभे, हातात दोरी आणि टोकाला बकल लावलेलाच लाल पट्टा. शर्ट घामाने भिजलेला. रुळांच्या कडेने ते दोन तास चालले होते. कसाऱ्याकडच्या मेल गाड्या टिटवाळ्याला न थांबता काय वेगाने जातात! मला त्या क्षणी कुत्रीपेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी पाचला फोन आला. पट्टा हरणीच्या गळ्यात नव्हता, म्हणजे त्यावर नंबर कोरला असता तरी उपयोग नव्हता. पण आमच्या दूधवाल्याने तिला ओळखलं होतं, खडवलीच्या बाजूला एका वीटभट्टीवर. आम्ही गेलो तर भट्टीवरच्या बाईने तिला नायलॉनच्या दोरीने बांधलं होतं. नुसती गळ्यात नाही, पुढच्या पायांमागून छातीवरून फिरवून. म्हणाली, "हिची मान बघा की, गळ्यात बांधून कुठं राहती ही!" पाच मिनिटांत तिला जे दिसलं ते मला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं.

त्यानंतर बारा दिवस अण्णांनी दोरीला हात लावला नाही. फिरायला नवरा आणि मी आळीपाळीने. नातेवाइकांचे फोन येत होते, "आता त्यांना झेपत नाही, कशाला द्यायचं त्यांच्याकडे?" आणि मी ते ऐकून घेत होते. पट्टा मी आणला हे मी कुणालाच सांगितलं नाही. आज सांगते.

आता पट्ट्याचं. अशा निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांना मार्टिंगेल म्हणून पट्टा असतो. त्यात दोन फास, मोठा गळ्यात, धाकट्याला दोरी. मागे सरकलं की धाकटा ओढला जातो आणि मोठा आवळतो, पण माप नीट लावलं असेल तर गळ्याइतकाच, गळफास बसत नाही. आम्ही स्टेशनजवळ दप्तरं शिवणाऱ्या काकांकडून दप्तराच्याच जाड पट्टीचा, दोन बोटं रुंद करून घेतला. चामडं नकोच, आपल्या पावसात त्याला बुरशी येते. घरात तो काढून ठेवायचा, कुठे अडकला तर आवळेल. साखळीचा फास तर आणूच नकोस, श्वासनलिकेला इजा होते. ओढणारं कुत्रं असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस. पावसाळ्यात रोज पट्ट्याखाली बोट फिरवायचं, गोचीड तिथेच बसते. आणि पहाटे पळणार असाल तर चमकणारी पट्टी हवीच.

पण हे सगळं नंतर. आधी मला हे सांग, की दुपारी दोन वाजता तुमच्या घरात कुत्र्याजवळ कोण असेल? मामी असतील ना? त्यांना विचारलंस? त्यांच्या हाताने तो हस्की ओढून धरता येईल का, एकदा बघ.

हरणी आता माझ्याबरोबर नदीपर्यंत पळते, बाकी दिवसभर अण्णांबरोबर रमतगमत चालते. अण्णा दारातून निघण्याआधी पट्टा तिच्या कानांकडे दोनदा ओढून बघतात. मग मलाही ओढून बघायला लावतात. सहा पन्नास चुकली तरी चालेल म्हणतात.