जातरस

आंबण्याची क्रिया पूर्ण झाली हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे. इडलीचे पीठ पातेल्याच्या काठाशी आले की ते 'आले' असे आपण म्हणतो, आणि थंडीत ते सकाळपर्यंत ढिम्म राहिले की 'आले नाही' म्हणतो. तेथे चुकले तरी फारसे बिघडत नाही. फार तर इडल्या दडदडीत होतात. परंतु ज्या द्रवात साखरेचे मद्यार्क आणि वायू यांत रूपांतर व्हायचे असते, आणि जो नंतर बंद बाटलीत भरायचा असतो, त्याच्या बाबतीत हा निर्णय असा सैलपणे घेता येत नाही.

आम्ही महाळुंग्यात राहतो. चाकण–तळेगाव रस्त्यालगतच्या, कारखान्यांनी वेढलेल्या महाळुंगे इंगळ्यात. आमचा भाचा पूर्वी येथल्याच एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात होता. भोक बरोबर आहे की नाही हे ठरवायला तेथे एक दुतोंडी गेज असते. त्याचे 'गो' हे टोक भोकात गेले पाहिजे, 'नो गो' हे टोक जाता कामा नये. गेले, न गेले, निकाल झाला. हा भाचा सध्या अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो आणि घराच्या तळघरात हौसेने बिअर करतो. तेथे घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने १९७८ साली मुभा दिली. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय असा उद्योग करता येत नाही. त्यामुळे या विषयातले आमचे ज्ञान दूरध्वनीवरचे आणि पुस्तकी आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

गेल्या जानेवारीत त्याने विचारले, "मामा, बुडबुडे थांबलेत. बाटल्या भरू का?" बिअरच्या पिंपाच्या झाकणात पाणी भरलेली एक वाकडी नळी असते. आतला वायू तिच्यातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. नवखा माणूस या बुडबुड्यांवर विसंबतो. पण झाकण नीट बसले नसेल, तर किण्वन जोरात चालू असूनही बुडबुडा दिसत नाही. आणि खोली थोडी तापली, तर किण्वन केव्हाच संपलेले असूनही द्रवात विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येत राहतात. म्हणजे आवाज हा कामाचा पुरावा नाही आणि शांतता हा पूर्ततेचा पुरावा नाही.

या अडचणीवर हायड्रोमीटर हा उपाय आहे. काचेची ही बंद नळी द्रवात तरंगत सोडतात. साखर जास्त असेल तर ती उंच तरंगते, साखर संपत जाईल तशी खाली बुडते. इंग्लंडातल्या जॉन रिचर्डसनने बिअरच्या धंद्यात तिचा उपयोग कसा करावा यावर १७८४ साली ग्रंथ लिहिला. यीस्ट हा सजीव आहे आणि बिअरमध्ये तो काय करतो, याचा पाश्चरने केलेला विस्तृत अभ्यास १८७६ साली ग्रंथरूपाने आला. म्हणजे आत कोण काम करते हे नीट कळण्याच्या कितीतरी आधी, काम किती झाले हे मोजण्याची सोय झाली होती. शुद्ध पाण्याचा आकडा १.०००. सातूच्या माल्टचा गोड काढा साधारण १.०४८ पासून सुरू होतो आणि १.०१२ च्या आसपास येऊन थांबतो. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आला तर किण्वन संपले असे समजावे, हा घरोघरचा नियम.

भाच्याचा आकडा तीन दिवस स्थिर होता. पण तो १.०२४ वर. नियमाप्रमाणे संपले, अपेक्षेप्रमाणे अर्धवट. गेजवर वाढलेल्या माणसाला हे मोठे कोडे होते. मग त्याने एक जुनी युक्ती वापरली. पेलाभर नमुना काढून घेतला, त्यात भरपूर ताजे यीस्ट घातले आणि तो उबदार जागी ठेवला. दोन दिवसांत त्या पेल्यातला आकडा १.०१२ वर आला. तळघरातल्या गारठ्याने पिंपातले यीस्ट निजले होते. साखर शिल्लक होतीच. यातला धोका असा की आकड्याचा शेवटचा एक अंश उरला, तर बाटलीत बिअरच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा वायू जादा तयार होतो. येथे बारा अंश उरले होते, म्हणजे सहापट वायू. नेहमीच्या बाटलीत तो अडीचपटीच्या आसपास असतो. त्या बाटल्या कपाटात फुटल्या असत्या. त्याने पिंप उबेला नेले, हलवून तळाचे यीस्ट वर आणले, आणि नऊ दिवसांनी आकडा जेथे यायला हवा होता तेथे आला.

"पणजोबांना कसं कळायचं हो, मामा?" असे त्याने नंतर विचारले. आमचे आजोबा खेड तालुक्यातल्या एका गावात वैद्यकी करीत आणि रोग्यांपुरती आसवारिष्टे घरी घालीत. त्यांच्या कसोट्या वैद्यकाच्या परंपरेतल्याच होत्या. ते मडक्याला कान लावीत. आत चुरचुर ऐकू येता कामा नये. तोंडाशी पेटती काडी धरीत; ती विझली तर आत कर्बवायू निघतो आहे, जळत राहिली तर झाले. धायटीची फुले, जी किण्वनासाठी घालतात, ती वर तरंगायची थांबून तळाशी बसलेली असावीत. नीट पाहिले तर या तिन्ही कसोट्या थांबल्याच्या आहेत, संपल्याच्या नव्हेत. गारठलेल्या मडक्यातही चुरचुर नसते, काडी जळते आणि फुले बुडतात.

मग ही विद्या इतकी शतके टिकली कशी? आम्हांला वाटते, तिचे उत्तर कसोट्यांत नसून आधीच्या तयारीत आहे. शार्ङ्गधराने, जेथे प्रमाण सांगितलेले नाही तेथे एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, त्याच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशांशाने प्रक्षेपद्रव्ये घ्यावीत, असा नियम घालून दिला. पात्र आतून तुपाने माखावे, धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरावे, पंधरवडा वा महिना हलवू नये, ही विधानेही ग्रंथांत आढळतात. घटक ठरलेले, ऊब राखलेली, अवधी नेमलेला. हे सगळे पाळले की थांबणे आणि संपणे यांत अंतर उरत नाही, आणि मगच कानाची व काडीची साक्ष ग्राह्य ठरते. अशा सिद्ध आसवाला जुन्या वैद्यकात 'जातरस' म्हटले आहे. ज्याच्यात रस उत्पन्न झाला आहे, ते. हा शब्द काय बंद पडले ते सांगत नाही. काय निर्माण झाले ते सांगतो.

आजोबा एका पौषात गेले. तेव्हा धान्याच्या कणगीत दशमूलारिष्टाचे एक मडके होते. गावातली एक बाळंतीण त्या औषधावर होती आणि तिची सासू ते मागायला आली. आमचे वडील शिक्षक. त्यांनी मडके उघडले. कान लावला, काडी धरली, फुले पाहिली. सर्व काही ठीक होते. तरीही त्यांनी ते दिले नाही. त्या वर्षी गूळ किती घातला होता, मडके केव्हा पुरले होते, मधल्या थंडीत कोणी ते हलवले होते का, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. त्यांनी सासूबाईंना खेडच्या दुकानातली बाटली आणून दिली आणि मडके आंब्याच्या बुंध्याशी रिते केले. नात्यातल्यांनी त्यांना भित्रे ठरवले. आजोबांच्या हातचे शेवटचे औषध मातीत घातले म्हणून आमची आजी पुष्कळ दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. आम्हांला वाटते, त्यांनी थांबलेले आणि संपलेले यांत भेद केला, आणि त्याची किंमत घरातच मोजली.

साहित्याच्या अध्यापकांना हा पेच परका नाही. लेखकामागे कपाटात सापडलेल्या वहीपाशी आपण असेच उभे राहतो. शेवटच्या पानावर शाई थांबलेली असते, पण ती कविता पूर्ण होती की माणूसच संपला होता, हे पान सांगत नाही. प्रबंध घेऊन आलेला विद्यार्थी "सर, झाला" म्हणतो तेव्हाही त्याचा अर्थ पुष्कळदा "मी थांबलो" एवढाच असतो. अशा वेळी समीक्षकाने काय करावे? आम्हांला पेल्याची युक्ती अनुकरणीय वाटते. कृतीतला एखादा लहानसा भाग घ्यावा, त्याला आपल्या वाचनाची ऊब द्यावी, आणि या सामग्रीत आणखी किती दूर जाण्याची शक्ती होती ते पाहावे. ती मर्यादा ठाऊक झाल्याशिवाय 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' हे शब्द केवळ शेवटच्या पानाचे वर्णन करतात. अर्थात पेल्यात जे घडले ते पिंपात घडलेच असे नव्हे. पेला पिंपाच्या जागी ठेवणारी समीक्षाही आपण पाहिली आहे.

भाच्याने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. आकडा १.०१२ वर आल्यावरही त्याने लगेच बाटल्या भरल्या नाहीत. किण्वनाच्या भरात यीस्टकडून एक लोणकट वास देणारे द्रव्य मागे राहते. साखर संपल्यावर, खायला काही उरले नाही म्हणजे, यीस्ट ते परत आत घेते. त्याला आणखी तीन-चार दिवस द्यावे लागतात. त्या दिवसांत बुडबुडा नसतो, आकडा हलत नाही. तो रोज खाली जाऊन फक्त वास घेत असे.