गाणाऱ्याचा चेहरा

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही भावंडं पंचवटी एक्स्प्रेसनं दादरला मावशीकडे जायचो. राणीचा बाग, चौपाटी हे होतंच. मला मात्र ओढ असायची ती मावशीच्याच मजल्यावरच्या शेवटच्या बिऱ्हाडाची. तिथे टीव्ही होता. संध्याकाळी त्या खोलीचं दार उघडंच असे. पोरं फरशीवर, बायका पलंगावर, पुरुष दाराशी उभे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्याला तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील. नाशकात आमच्या आळीत कुणाकडेच टीव्ही नव्हता. आमच्याकडे रेडिओ होता, आणि रेडिओवरचे सगळे गायक मी माझ्या मनानं रंगवून ठेवले होते.

‘गजरा’ हा कार्यक्रम लागला की खोली गप्प व्हायची. विनोदी प्रवेश, नकला, पुन्हा एखादा प्रवेश, आणि या सगळ्यात कधीतरी पाहुणा म्हणून आलेला एखादा गायक. गाणं सुरू झालं की निम्मी पोरं उठून गॅलरीत पळायची. मी बसून राहायची. माझ्यासाठी तीच वेळ खरी होती. रेडिओतून इतकी वर्षं नुसता आवाज पाठवणारा माणूस आज स्वतः आला आहे, हे मला फार मोठं वाटे.

अशाच एका संध्याकाळी, कुठल्याशा संगीताच्या कार्यक्रमात, भीमसेन जोशी दिसले. तान घेताना त्यांचा चेहरा पिळवटून निघत होता, हात हवेत काहीतरी पकडायला धावत होते, सगळं अंग त्या सुरामागे ओढलं जात होतं. पोरं खिदळली. खरं सांगते, मीही हसले. पलंगावर बसलेल्या त्या घरच्या आजी एवढंच म्हणाल्या, “हसता काय रे? बाळंतिणीचं तोंड बघितलंय कधी?”

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला वीस वर्षं लागली. हसू मात्र त्याच क्षणी थांबलं.

सूर ऐकताना आपल्याला तो तयार होऊनच मिळतो. तो कुठून येतो, किती ओढून आणावा लागतो, हे कानाला कळत नाही. बैठकीत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना ते दिसायचं. पण पुढच्या रांगेत कोण बसायचं? आमच्यासारख्यांच्या वाट्याला खांबामागची जागा किंवा मंडपाबाहेरचा कर्णा. टीव्हीच्या कॅमेऱ्यानं पहिल्यांदा चाळीतल्या पोरांना, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या बायकांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. या उपकाराबद्दल आपण फारसं बोलत नाही.

नाशिकच्या माणसाला हे जास्त जाणवायला हवं, असं मला वाटतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर नाशकात आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ त्यांनी इथेच केला. त्या चित्रांना चेहरा होता, आवाज नव्हता. आणि याच गावात, पंचवटीत, विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आश्रम होता. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले द. वि. पलुस्कर, याच गावात जन्मला. त्यांची भजनं माझ्या वडिलांच्या सकाळचा भाग होती. पण त्यांचं गाणं चालू असतानाचा चेहरा मला कधी पाहायला मिळाला नाही. १९५२च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांचा आवाज आहे, पडद्यावर मात्र ओठ हलतात ते भारत भूषणचे. १९५५च्या ऑक्टोबरात पलुस्कर गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं ते १९५९ साली. चार वर्षांचं अंतर. वडील त्यांची तबकडी लावायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, ते तल्लीन झालेत. आता वाटतं, ते चेहरा शोधत असावेत.

१९८४नंतर गावोगावी छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि टीव्ही आमच्याही घरी आला. सुरुवातीला त्यावर दिल्लीच जास्त दिसे. मराठी गाण्याचा कार्यक्रम पाहायला मिळायला आणखी वाट पाहावी लागली, आणि तो मिळाला त्या संध्याकाळी पडद्यावर होते पंडित जितेंद्र अभिषेकी.

अभिषेकीबुवा मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. घराण्यात मंगेशाला अभिषेक करण्याचं काम होतं, आडनाव त्यातूनच आलं. वडील कीर्तनकार. पण नाशिकशी त्यांचं नातं वेगळं आहे आणि ते शब्दांचं आहे. ‘मत्स्यगंधा’ हे १९६४चं नाटक लिहिलं वसंत कानेटकरांनी, जे आमच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवायचे. ‘ययाति आणि देवयानी’ १९६६चं, कुसुमाग्रजांचं. दोन्हींचं संगीत अभिषेकींचं. नाशकात लिहिलेले शब्द या गोवेकराच्या चालींवर बसून महाराष्ट्रभर फिरले. त्यांनी एक धाडसाचं कामही केलं. नाट्यपद म्हणजे वन्समोअरवर वन्समोअर घेत अर्धा-अर्धा तास रंगणारी मैफल, ही जुनी सवय त्यांनी मोडली. गाणं नाटकाला थांबवणार नाही, पुढे नेईल, इतकं ते आटोपशीर केलं. जुन्या रसिकांना ते रुचलं नव्हतं. माझ्या आजोबांनाही नाही. नाशिकच्या ज्या विजयानंद नाटकगृहात २१ डिसेंबर १९०९च्या रात्री ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्याच नाटकगृहाच्या गोष्टी ऐकत ते वाढले होते. गाणं लांबलं नाही तर ते नाटक कसलं, असं त्यांचं ठाम मत.

आणि तेच आजोबा त्या संध्याकाळी टीव्हीसमोर अभिषेकींना ‘ययाति आणि देवयानी’तली प्रार्थना गाताना बघत होते. सर्वांच्या आत्म्याला घातलेली ती हाक. बुवांचा आवाज काही तुपासारखा ओघळणारा नव्हता. त्याला एक खर होती, शोधत जाणारा आवाज होता तो. सुरुवातीला त्यांनी डोळे मिटले, आणि पहिला स्वर लागायच्या आधी क्षणभर ओठ नुसतेच उघडले. रेडिओवर तो क्षण रिकामा गेला असता. इथे तो दिसला. आजोबांनी पुढे वाकून आवाज मोठा केला. गाणं काही मिनिटांत संपलं. ते म्हणाले, “पुरे. एवढंच पाहिजे.” बुवांच्या आटोपशीर गाण्याला त्यांनी दिलेली ती पहिली आणि शेवटची दाद.

स्टुडिओत गाणं सोपं नसतं. प्रखर दिव्यांची उष्णता आणि वातानुकूलनाचा गारवा यांत तंबोऱ्याच्या तारा सारख्या चढतात-उतरतात. समोर मान डोलावणारं कुणी नाही, ‘वा’ म्हणणारं कुणी नाही. आहे ती काच आणि वेळ संपत आल्याची खूण करणारा हात. बैठकीतला गायक श्रोत्यांकडून उसनं बळ घेतो. इथे त्याला ते आधीच गाठीला बांधून आणावं लागतं. ती दाद शेकडो मैलांवरच्या खोल्यांत दिली जात होती आणि त्याच्यापर्यंत कधीच पोचत नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. मुंबई दूरदर्शनच्या वरळीच्या केंद्रात ‘शब्दांच्या पलीकडले’ करणाऱ्या अरुण काकतकरांसारख्या निर्मात्यांनी गायकाला तिथेही मोकळं वाटावं म्हणून जे केलं असेल, त्याची किंमत आपल्या संगीताच्या इतिहासात लिहिली जायला हवी.

अमेरिकेतही ‘गजरा’हून काही वेगळं नव्हतं. तिथल्या एड सुलिव्हन शोमध्ये, १९४८पासून १९७१पर्यंत, दर रविवारी रात्री कसरतपटू, बोलक्या बाहुल्या आणि विनोदवीर यांच्या मध्येच गायक यायचे. १९६६ साली जेम्स ब्राऊन आला तोही असाच. ज्या गाण्याला ते लोक ‘सोल’, म्हणजे आत्मा, म्हणतात, ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून निघालेलं. अरेथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटच्या चर्चमध्ये प्रवचनकार होते. ती तिथेच गायला लागली. मंगेशीच्या कीर्तनकाराच्या मुलाशी तिचं नातं जोडताना मला जराही ओढाताण करावी लागत नाही. देवासमोर गाऊन तयार झालेला गळा काचेसमोर उभा राहिला तरी समोर देव आहे असंच गातो. त्याला टाळ्यांची गरज कमी लागते.

पण अमेरिकेतल्या त्या गाण्यांची चित्रं पुष्कळशी टिकली. आपल्याकडे, आणि बीबीसीसारख्या मोठ्या ठिकाणीही, टेप महाग म्हणून जुनं पुसून त्यावर नवं घेतलं गेलं. आता प्रसार भारतीचा संग्रह जुन्या मैफली थोड्या थोड्या करून लोकांपुढे आणतो आहे. त्या मैफली मी रात्री-अपरात्री शोधत बसते.

१९९०च्या सुमाराला एका नातेवाइकांच्या व्हीसीआरवर मी अभिषेकीबुवांचा एक कार्यक्रम मुद्रित करून घेतला होता. कॅसेटवर काही लिहिलं नाही. पुढे घरातल्या एका हळदीचं चित्रण त्याच कॅसेटवर झालं. शेवटी, पाहुण्यांची पंगत संपल्यावर, बुवांच्या गाण्याचे काही क्षण उरले आहेत. मी ते अनेकदा पाहिले. भैरवी संपत आलेली आहे, त्यांचा हात वर गेला आहे, आणि चित्र तुटतं. चूक माझी, नाव न लिहिण्याची.

अभिषेकीबुवा ७ नोव्हेंबर १९९८ला गेले, कुसुमाग्रज १० मार्च १९९९ला. मध्ये चार महिने.

तुमच्या माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील. लग्नाच्या, मुंजीच्या, नाव नसलेल्या. त्या भंगारात देण्याआधी शेवटपर्यंत लावून पाहा. एखादा गायक पाहुणा म्हणून तिथे बसलेला असेल. सापडला तर संगणकावर उतरवून घ्या, आणि कॅसेटवर त्याचं नाव व साल लिहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून फेकू नका. जाणकाराकडून ती साफ करून घेता येते.