डॉक्टरकाकांनी गोळ्या दिल्या नाहीत

बाळंतिणीची काळजी कशी घ्यायची हे आपल्याकडे प्रत्येक घरात तोंडपाठ असतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, तेल लावायला येणाऱ्या मावशी, सव्वा महिना विश्रांती. इंदूरला चार पिढ्या काढल्यावर आमच्या घरात बाकी बरंच बदललं, बोलण्यात निम्मी हिंदी आली, पण ही यादी तशीच राहिली. या यादीत बाळंतिणीच्या मनाचा उल्लेख मात्र कुठेच नसतो. तीन वर्षांपूर्वी मुलगा झाला तेव्हा मला प्रसूतीनंतरचा सायकोसिस झाला होता. आपल्यातल्या नव्या आईबाबांना आणि होऊ घातलेल्या आजी-आजोबांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं. नैराश्य त्यापुढचं. ते आठवडे, महिने टिकतं आणि त्याला उपचार लागतात. सायकोसिस या दोन्हींपेक्षा वेगळा. तो हजार बाळंतिणींमागे एक-दोघींनाच होतो, पण आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात, म्हणजे अशा बायका हजारोंनी असणार. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन आठवड्यांत, अगदी अचानक सुरू होतो. झोप उडते, भास होतात, नसत्या गोष्टींवर पक्का विश्वास बसतो. आईच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो, म्हणून ती तातडीची वेळ समजतात.

माझ्या बाबतीत सुरुवात झोपेपासून झाली. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि झोप लागेनाशी झाली. गंमत म्हणजे थकवाही वाटेना. पहाटे तीनला लॅपटॉप उघडून मी बाळाच्या दुधाच्या वेळांचं स्प्रेडशीट करत बसायचे आणि सगळे कौतुक करायचे. पाचवीला आईने पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या रात्री मला ती अक्षरं बाळाच्या कपाळावर दिसायला लागली. ती चुकीची लिहिली आहेत, पुसून टाक, असं कुणीतरी सारखं सांगत होतं. सातव्या दिवशी मी ओल्या टॉवेलने त्याचं कपाळ घासत होते, तेव्हा आईने त्याला माझ्या हातातून काढून घेतलं. मला यातलं थोडंच आठवतं. बाकीचं आईने आणि नवऱ्याने नंतर सांगितलं.

आत्याने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. 'बाहेरचं काही आहे का' अशी कुजबुज झाली. मग बाबांनी आमच्या डॉक्टरकाकांना बोलावलं. काका होमिओपॅथ. माझ्या लहानपणीच्या सर्दी-खोकल्यापासून आत्याच्या अर्धशिशीपर्यंत सगळ्याला आमच्याकडे त्यांच्याच साबुदाण्याएवढ्या गोळ्या. ते माझ्यापाशी बसले आणि त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. किती रात्री झोपली नाहीस? कुणी बोललेलं ऐकू येतं का? बाळाबद्दल मनात काय येतं? मी काय उत्तरं दिली कोण जाणे, पण त्यांनी बॅग उघडलीच नाही. बाबांना म्हणाले, "याला माझ्याकडे औषध नाही. आत्ता, याच गाडीतून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. बाळाला हिच्याजवळ एकटं ठेवू नका." आत्या म्हणाली, "अहो, दोन दिवस तुमच्या गोळ्या देऊन बघा की." काका म्हणाले, "ताई, हे दोन दिवस थांबणारं दुखणं नाही."

रुग्णालयात आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या. जंतुसंसर्ग, थायरॉइड, मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी, यांनीही असं होऊ शकतं, म्हणून ते आधी तपासतात. मग सायकोसिसवरची औषधं सुरू झाली. रात्री बाळाला वरचं दूध द्यायचं ठरलं, कारण माझी झोप हासुद्धा उपचाराचाच भाग होता. दोन आठवड्यांत आवाज थांबले. पूर्ण सावरायला सहा-सात महिने लागले, तेव्हा कुठे मी कामावर परत गेले. हा आजार उपचारांनी चांगला बरा होतो, हे प्रत्येक नवऱ्याला आणि प्रत्येक आईला ठाऊक असायला हवं.

आता होमिओपॅथीबद्दल. आपल्या बहुतेक घरांत तिच्यावर विश्वास आहे, म्हणून हे बोलायलाच हवं. मी इंजिनिअर, हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर हे प्रमाण तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं पातळ. बाराव्या पायरीनंतरच मूळ औषधाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. शिवाय या पद्धतीत औषधाने त्रास आधी थोडा वाढला तर ते चांगलं लक्षण मानतात. सायकोसिसमध्ये वाढलेला त्रास 'औषध लागू पडतंय' म्हणून बघत बसलं तर जीव जाऊ शकतो.

मग पूरक भूमिका कुठली? मला ती काकांच्या वागण्यात दिसली. चौथ्या महिन्यात माझे केस गळत होते, औषधांनी वजन वाढलं होतं, जीव नकोसा झाला होता. मी काकांकडे गेले. पाऊण तास त्यांनी ऐकून घेतलं. आधी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, मग गोळ्यांची पुडी दिली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मोठ्या डॉक्टरांची औषधं बंद करायची नाहीत.' गोळ्यांनी काही झालं असं मी म्हणणार नाही. पण तो पाऊण तास मला हवा होता, आणि ज्यांच्यावर घराचा तीस वर्षांचा विश्वास, त्यांनीच लिहून दिल्यावर आत्यानेही 'ती गरम औषधं सोड' म्हणणं बंद केलं. आजार ओळखणं, पुढे पाठवणं आणि चालू उपचार टिकवून धरणं, एवढं घरच्या होमिओपॅथने केलं तरी पुष्कळ झालं.

काही गोष्टी लिहून ठेवा. घरात कुणाला बायपोलर आजार असेल किंवा स्वतःला आधी असा त्रास झाला असेल, तर गरोदरपणातच डॉक्टरांना सांगा. बाळ झोपलेलं असूनही बाळंतिणीला झोप लागत नसेल, तर त्याच दिवशी विचारा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणारा विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून शक्यतो वेगळं करू नये, असं म्हटलं आहे. बाळाला धोका असेल तेव्हाच, आणि तोही थोड्या काळासाठी, अपवाद.

पुढच्या बाळंतपणात हा आजार पुन्हा होण्याचा धोका निम्म्यापर्यंत असू शकतो. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतो आहोत, अजून ठरलेलं नाही. पण ठरलं तर रात्री कोण जागणार, कोणतं औषध कधी सुरू होणार, याचा कागद मानसोपचारतज्ज्ञांनी आधीच करून दिला आहे. त्याची एक प्रत आईच्या कपाटात आहे, दुसरी डॉक्टरकाकांकडे. आत्याने तिसरी मागून घेतली.